दहावीत भूमितीत वेगळं पास व्हावं लागत नाही, तो मेसेज थांबवा प्लीज

इंदूरच्या आपल्या पालक ग्रुप्सवर मेसेज फिरतोय की सीबीएसई दहावीत भूमितीत वेगळं पास व्हावं लागतं आणि प्रमेय अर्धवट राहिलं तर शून्य. असं काही नाहीये. मी दहावीला गणित शिकवते, आणि बोर्डाच्या साइटवर सिलॅबस आणि सॅम्पल पेपरची मार्किंग स्कीम आहेच, कुणीही उघडून बघा. गणिताचा लेखी पेपर एकच, 80 मार्कांचा, त्यात भूमिती 15 ची, वर 20 इंटर्नल म्हणजे टेस्ट, पोर्टफोलिओ, लॅब वगैरे, आणि पास व्हायला सगळं मिळून 33 टक्के. भूमितीचा वेगळा पेपर महाराष्ट्र बोर्डात असतो, 40 चा, बहुतेक तिकडूनच गोंधळ आलाय.

आणि शून्याचं तर अजिबात मनावर घेऊ नका. मार्क स्टेपप्रमाणे मिळतात, त्यामुळे स्पर्शिकेचं प्रमेय मधेच अडलं तरी आकृती, पक्ष, साध्य आणि जेवढ्या पायऱ्या येतात तेवढ्या कारणासकट लिहायच्याच. मुलं घाबरून प्रमेयंच सोडून देतायत हो, फार वाईट वाटतं. तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथून डिलीट करा आणि हा टाका.