टॉलस्टॉयला रणगाड्यावर बसवणाऱ्या मेसेजबद्दल

"रशिया एकही युद्ध हरलेला नाही, कारण त्याचे सगळे मोठे लेखक सैन्याच्या पाठीशी उभे राहिले. टॉलस्टॉय वाचा, राष्ट्र कसं घडतं ते कळेल." हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. काल भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला आणि विचारलं, "आत्या, बरोबर आहे ना?" नाही, बरोबर नाही.

हरले नाहीत म्हणे! क्रिमियाचं युद्ध १८५६ मध्ये हरले, जपानशी १९०५ मध्ये हरले. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

टॉलस्टॉय त्याच क्रिमियाच्या युद्धात, सेवास्तोपोल बंदराच्या वेढ्यात, तोफखान्याचा अधिकारी होता. तिथूनच त्याने लिहिलं की माझ्या कथेचा नायक सत्य आहे. सेन्सॉरने त्या कथेची पार चिरफाड केली. १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटलं, तेव्हा पंचाहत्तरीतल्या या म्हाताऱ्याने त्याविरुद्ध उघड लेख लिहिला. तो छापून आला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये.

आणि "सगळे लेखक"? माझा संताप होतो तो इथे. कादंबरीकार वासिली ग्रोसमन दुसऱ्या महायुद्धात, स्टालिनग्राडच्या लढाईत, सोव्हिएत लाल सैन्याच्या वृत्तपत्राचा वार्ताहर होता. त्याच्या आईला नाझींनी १९४१ मध्ये युक्रेनमधल्या बेर्दिचेव गावात मारलं. सैन्याच्या पाठीशी याच्याहून जास्त कोण उभं राहणार? पण 'जीवन आणि नियती' या कादंबरीत त्याने गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, एका अधिकाऱ्याला जुन्या बोल्शेविक (रशियन कम्युनिस्ट) कैद्यासमोर बसवलं आणि त्याच्या तोंडून वदवलं की आपण एकमेकांचे आरसे आहोत. फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, माणसं घरी आली. हस्तलिखित नेलं, कार्बन पेपर नेले, टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा नेल्या. १९६४ मध्ये ग्रोसमन गेला. मित्रांकडे लपवलेल्या प्रतींमुळे पुस्तक बचावलं आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघालं. त्याच्या स्वतःच्या देशात ते यायला १९८८ उजाडलं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नाझी जर्मनीशी झालेल्या १९४१–४५ च्या युद्धाने रशियन माणसाची स्वतःबद्दलची कल्पना खरोखर घडवली. सोव्हिएत संघाची सुमारे २.७ कोटी माणसं मेली. त्यांत युक्रेनियन आणि बेलारूसीही होते, हे मेसेजवाले सांगत नाहीत. पण ९ मेची, म्हणजे त्या युद्धाच्या विजय दिनाची, सार्वजनिक सुट्टी कायमची झाली ती थेट १९६५ मध्ये. सत्तेला विजय आठवायचा होता, ग्रोसमनला मेलेली माणसं.

भाषण शनिवारी आहे. भाचीने तो परिच्छेद खोडलाय आणि तिथे ग्रोसमनच्या रिबिनींबद्दल लिहायला घेतलंय.