कुठले गायकवाड?

आज दुपारी लेकीचा फोन आला. पुण्यात नोकरी लागलीय, महिनाभर खोली शोधतेय. आज एक जागा पसंत पडली, भाडं ठरलं, डिपॉझिटचंही बोलणं झालं. मग घरमालकीणबाईंनी पूर्ण नाव विचारलं. पोरीने सांगितलं.

"गायकवाड म्हणजे कुठले?"
"नाशिकचे."
"तसं नाही गं. म्हणजे कुठले?"

त्या दुसऱ्या "कुठले"चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. पोर गप्प राहिली. बाई म्हणाल्या, मिस्टरांना विचारून कळवते.

मी आठ वर्षांचा असताना दादांची बदली झाली. एसटीत कंडक्टर होते. नव्या गावात एका वाड्यासमोर आम्ही उभे, दादांच्या खांद्यावर वळकटी, माझ्या हातात स्टोव्ह. मालक ओट्यावर बसून विचारत होते. मूळ गाव कोणतं? कुलदैवत कोणतं? सोयरीक कुठं होते? स्टोव्हमधलं रॉकेल माझ्या चड्डीवर झिरपत होतं आणि दादा प्रत्येक वेळी एवढंच म्हणत होते, "नाशिक जिल्ह्यातले, साहेब."

अहो, बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, १८७५ साली दत्तक गेले आणि राजे झाले. आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पुढे असलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाडही गायकवाडच, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. दोघांचा जिल्हा एकच. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले ते पहिल्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते दुसरे गायकवाड. आता सांगा, "कुठले गायकवाड" या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? दोघेही माझेच आहेत. मी कुठला ते या पोस्टमध्ये लिहिणार नाही, आणि कृपा करून इनबॉक्समध्येही विचारू नका.

शिंदे, जाधव, पवार, मोरे, सगळ्यांची हीच गत. पाटील तर मराठ्यांत, आगरी-कोळ्यांत, लिंगायतांत, जैनांत, मुसलमानांतही सापडतील. पेणकर, रोहेकर ऐकून कुणाला वाटेल का, की ही बेने इस्रायली ज्यूंची आडनावं आहेत? कोकणातल्या ज्या गावात राहिले त्या गावाच्या नावाला 'कर' लावला, झालं. आडनावावरून माणूस कळत नाही म्हणून तर हे लोक पुढचा प्रश्न विचारतात. भाडं वेळेवर देशील का, हे त्या बाईंनी एकदाही विचारलं नाही!

लग्न जमवताना लोक विचारतात, सवयीनेही विचारतात, प्रत्येकाच्या मनात वाईटच असतं असं नाही. बरं, नसेल. पण खोली भाड्याने द्यायला कुलदैवत कशाला लागतं?

काही मित्र म्हणतात, आडनावच टाकून दे. का टाकू? माझ्या आजीने सांगितलेली गोष्ट आहे त्यात. जीव घेऊन पळत आलेल्या गाईंना कुणा पूर्वजाने किल्ल्याचं कवाड उघडून आत घेतलं, म्हणून आम्ही गायकवाड. खरी किती, खोटी किती, मला फरक पडत नाही. आजी चुलीपुढे बसून हातांनी कवाड उघडून दाखवायची. ते हात मला अजून दिसतात. त्याच नावाची माझी पोर आज दारातून परत आली.

त्या दिवशी वाड्यासमोरून दादांनी नुसती वळकटी खांद्यावर सारखी केली आणि म्हणाले, "चल." ती रात्र आम्ही स्टँडवर काढली. दादा मला घट्ट धरून बसले होते, आणि माझ्या अंगाला रॉकेलचा वास येत होता.

पोरीच्या आवाजात आज रडू नव्हतं. तेच जास्त लागलं.

कोथरूड, कर्वेनगर, वारजे, या भागात कुणाकडे खोली असेल तर कळवा. डिपॉझिट तयार आहे. पोर मासे-मटण खाते, तेही आधीच सांगून ठेवतो. उद्या पहिल्या गाडीने मी पुण्याला निघतोय.