पाकात द्रावक कोण? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की जिलबीच्या पाकात साखर पाण्याहून जास्त असते, शिवाय ती वितळून द्रव झालेली असते, आणि 'जास्त ते द्रावक' (द्रावक म्हणजे ज्यात दुसरं काही विरघळतं ते) असं मीच आधी लिहिलंय, मग पाण्याला द्रावक म्हणून मी मुलांचा गोंधळ वाढवतेय.

ते वाक्य अर्धवट होतं, हे मान्य, आता दुरुस्त केलंय. तो नियम दोन्ही गोष्टी एकाच अवस्थेत असतील तिथे चालतो, म्हणजे 70 टक्केवाल्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल द्रावक आणि स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये पाणी. अवस्था वेगळ्या असतील तर तयार झालेलं द्रावण ज्याच्या अवस्थेत राहतं ते द्रावक. पाक पातळ, पाणी पातळ, साखर मुळात घन, म्हणून साखर कितीही ओता, द्रावक पाणीच.

पण साखर 'वितळते' हे मात्र मला अजिबात पटत नाही. इथे इंदोरात हिंदीत घुलना (विरघळणं) आणि पिघलना (वितळणं) कोणी एक करत नाही, आणि आपण घरात मराठी बोलताना सरबत ढवळत "साखर वितळली का गं" असं सर्रास विचारतो, तिथेच सगळी गडबड होते बघा. थंडगार लिंबू सरबतात काय वितळणार? नुसती साखर वितळायला साधारण 186 अंश लागतात, आणि सराफ्यातल्या (इथल्या खाऊबाजारातल्या) कढईतला पाक शंभरच्या थोडाच वर असतो. तिथे पाण्याचे रेणू दाण्यातून साखरेचे रेणू एकेक करून सोडवून घेतात, याला विरघळणं म्हणतात. 20 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात 480 च्या वर, म्हणून तर घट्ट पाक गार झाला की कडेला खडे धरतात, आणि ते धरू नयेत म्हणून आई लिंबू पिळते (आंबटपणाने थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग खडे जमत नाहीत). मिठाचं असं नाही हं, ते 36 वरून जेमतेम 39 ग्रॅमवर जातं.

इंदोरी शिकंजीतल्या (ही लिंबाची नाही, दुधाची असते) दुधाचं विचारलंत, तर दूध हे निव्वळ द्रावण नाहीच, त्यात स्निग्धाचे बारीक थेंब विखुरलेले असतात. त्यावर वेगळं लिहायला हवं.

एकदा करून बघाच काका, कोरड्या कढईत दोन चमचे साखर मंद आचेवर ठेवा. ती खरंच वितळेल, आणि बघता बघता तांबूस होऊन जळका वास सुटेल. जिलबीच्या पाकाला तो वास कधी आलाय का, सांगा.