बांध कोरणाऱ्या यंत्राशी भांडावं कसं

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ही कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे साता समुद्रापलीकडून आलेलं कुणी परकं नाही. ती तुमची भाऊबंद आहे. परक्याशी माणूस स्पर्धा करतो, भाऊबंदाशी भांडतो. आणि भांडणात खान्देशी माणूस कमी पडला, असं कुठल्याही तालुका कोर्टाच्या ऐकिवात नाही.

नात्याचा पुरावा मागितला तर अमळनेरचं नाव सांगा. १९४५ साली तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिलाच आज जग विप्रो म्हणतं आणि ती संगणकाच्या धंद्यात आहे. तूप आपल्या तालुक्यातलं, म्हटल्यावर पोळीत वाटा मागायला लाजायचं कशाला?

आता मुद्द्याचं. भाऊबंद बांध कसा कोरतो, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला मी काय सांगू! एका वर्षात नाही कोरत. दरसाल नांगरटीला एकच तास, म्हणजे नांगराची एक रेघ, इकडे ओढतो, आणि वर विचारतो, ‘कपाशी काय म्हणते यंदा?’

यंत्राचं पहिलं तास बुद्धिबळाच्या वावरातलं. १९९६ साली जगज्जेत्या कास्पारोव्हने आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू ह्या संगणकाला ४-२ असं लोळवलं, तेव्हा माणसाची बुद्धी ती बुद्धी, असं सगळे म्हणाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला यंत्राने साडेतीन-अडीचने हिशेब चुकता केला. अशा वेळी रडायचं नसतं. रात्री कंदील घेऊन जायचं, हद्दीचा दगड उपटायचा आणि स्वतःच्याच हाताने चार पावलं आत पुरायचा. सकाळी पारावर येऊन सांगायचं, “बुद्धिबळात कसली आली बुद्धी? नुसती आकडेमोड. आपला बांध पहिल्यापासून इथंच होता.”

मग नव्या बांधाशी गो नावाच्या खेळाचं कुंपण घालायचं. आपल्याकडे तो कुणालाच येत नाही, त्यामुळे ठामपणे बोलता येतं. २०१६ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियात, सोल शहरी, अल्फागो नावाच्या यंत्राने गोचा नामांकित खेळाडू ली सेडॉल ह्याला ४-१ हरवलं. त्यातला तो एक डाव सोडू नका. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो ना, त्यात चढवून ठेवा. ली सेडॉल स्वतः २०१९ मध्ये खेळातून निवृत्त झाला, ह्या यंत्राला हरवता येणार नाही म्हणाला. भला माणूस. त्याला सख्खे चुलतभाऊ नसावेत.

त्यानंतरचा दगड आपण ‘भावना’ ह्या वावरात पुरला होता. जागा मोक्याची होती. यंत्राला काळीज नाही, ते काय लिहिणार? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तरी आपण निर्धास्त होतो. मग आमच्या भागात एका शोकसभेला तीन पुढारी उठले. पहिल्याने मोबाईलमध्ये बघून वाचलं, “त्यांच्या जाण्याने एक पोकळी निर्माण झाली आहे.” दुसऱ्याने तीच पोकळी वाचली. तिसरा मात्र पक्का. त्याने पोकळी तर वाचलीच, शिवाय खाली आलेलं “हे भाषण आणखी भावपूर्ण करून देऊ का?” हेसुद्धा तेवढ्याच जड आवाजात वाचलं. मृताचे नातेवाईक मान डोलावत होते. अशा प्रसंगी यंत्रावर ठपका ठेवा. ह्याआधीच्या सभांमध्येही तीच पोकळी निर्माण होत होती आणि तेव्हा यंत्र नव्हतं, हे बोलू नका.

सरकारी मोजणी मात्र मागवू नका. १९५० साली ॲलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने एक मोजणी सुचवलेली आहे : एकीकडे माणूस, दुसरीकडे यंत्र, दोघांशी लेखी बोलायचं, आणि कोण कोण आहे ते ओळखता आलं नाही की यंत्र पास. ह्यात धोका यंत्राकडून नाही, आपल्याकडून आहे. खिडकीमागून “साहेब जेवायला गेलेत, उद्या या” एवढंच उत्तर वर्षभर देणारा आपला माणूस ह्या मोजणीत कुठल्या बाजूला लागेल, सांगता येत नाही.

त्यापेक्षा अहिराणीचा तुकडा धरून बसा. मी यंत्राला विचारलं, “तुले अहिराणी समजस का रे?” त्याने हो म्हणून चार ओळी ठोकल्या. निम्मी वऱ्हाडी, उरलेल्यात मालवणीचा वास. मी टाळी वाजवली. हाऊ मन्हा बांध शे! फक्त तेवढ्यात नातवाने विचारलं, “आजोबा, ‘समजस’ म्हणजे काय?” शाळेत गावंढळ वाटेल म्हणून त्याच्याशी घरात कुणी ते बोलत नाही. चालायचंच. पेरा नसला तरी ताबा आपला असतो, आणि दावा ताब्यावर लागतो.

भरताचंही तसंच. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं वांगं आणि कळण्याची भाकरी यंत्राला खाता येत नाही, म्हणून आपण जिंकलो, असं सांगत फिरायला हरकत नाही. त्याने जेवायला येतो असं कधी म्हटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण पुढे आहे. हे यंत्र भांडत नाही. मी त्याला भर मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, पंखा बंद असताना शिव्या दिल्या. ते म्हणालं, “तुमचा राग रास्त आहे, मी दिलगीर आहे.” अहो, चाळीस वर्षं बांधावरून कोर्टात उभा असलेला माणूस मी! समोरचा पहिल्याच तारखेला कबूल झाला तर वकिलाने खायचं काय आणि आम्ही जगायचं कशासाठी?

म्हणून शेवटचा उपाय सांगतो, तो कायद्याचाच आहे. नोटीस द्या. मी दिली. म्हणजे, वकिलाची फी ऐकून पुतण्याला बोलावलं आणि त्या यंत्रालाच सांगितलं, तुझ्याविरुद्ध, आमचा बांध कोरल्याबद्दल, एक नोटीस लिही. अर्ध्या मिनिटात आली. चतुःसीमा, नुकसानभरपाई, पंधरा दिवसांची मुदत, सगळं जागच्या जागी. खाली विचारलं होतं, “आणखी कडक करून देऊ का?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “कर म्हणावं.”