एक टक्का फट

समोरच्या घरातला कुत्रा रात्री सव्वादोनला भुंकतो. सव्वादोनलाच का, ते त्यालाच ठाऊक. पावणेसहाला शेजारच्यांची मोटारसायकल. ती पहिल्या दहा किकांत कधी सुरू झाल्याचं मला आठवत नाही आणि एकदा झाली की पाच मिनिटं जागच्या जागी गुरगुरत ठेवण्याचा त्यांचा रिवाज आहे. दिवसभर कुठेतरी ड्रिल चालू असतं. जगात एकच भिंत आहे आणि सगळे मिळून तिलाच भोकं पाडताहेत, असा माझा संशय आहे.

म्हणून एक खोली आवाजबंद करायची असं मी जाहीर केलं. घरात कोणी विरोध केला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आधी भिंतींना फोमचे खाचाखाचांचे तक्ते चिकटवले. खोली एखाद्या रेकॉर्डिंग स्टुडिओसारखी दिसायला लागली. रात्री सव्वादोनला निकाल लागला. खोलीतला घुमारा पार गेला होता, त्यामुळे कुत्रा पूर्वीपेक्षा सुस्पष्ट ऐकू आला. फोम खोलीतल्या खोलीत आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही. अडवायला वजन लागतं. हे फोम चिकटवण्याआधी वाचता आलं असतं.

वजनाचा हिशेब असा, की भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल जास्त अडतात. आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला कमी व्हावे लागतात साधारण 10. म्हणजे भिंत दुप्पट करूनही कुत्रा पुरता निम्मा होत नाही. पुन्हा दुप्पट करा, पुन्हा करा. चौथ्या खेपेला भिंत सोळापट होते आणि आपण खोलीत नाही, बुरुजात राहायला लागतो. (डेसिबलमधला बेल म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. घराघरांत घंटी वाजवायची सोय केली त्यांचंच नाव गोंगाटाच्या मापाला मिळालं. न्याय आहे जगात.)

बुरूज परवडणारा नव्हता. मग सुताराला बोलावलं. त्याने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराशी उकिडवा बसला, उंबरठ्यावरच्या फटीतून बोट आरपार घातलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर सिगारेटच्या पाकिटाकडे पाहतात.

फट हे या शास्त्रातलं खरं दुखणं. भिंतीच्या 100 भागांपैकी एक भाग जरी उघडा राहिला, तरी उरलेले 99 भाग चिलखताचे असोत, एकूण अडवणूक 20 डेसिबलच्या पुढे जात नाही. मग आमची फटशोध मोहीम सुरू झाली. रात्री दिवे मालवून मी आत बसायचो, बायको बाहेरून टॉर्च फिरवायची आणि जिथे उजेड दिसेल तिथे मी "आला, आला!" असं ओरडायचो. चौकटीभोवती आला. स्विचबोर्डातून आला. सरकत्या खिडकीतून तर नुसता ओतला, कारण ती सरकावी म्हणूनच तिला फट ठेवलेली असते. तिच्या आत बिजागरीची दुसरी खिडकी बसवली, मध्ये वीतभर हवा सोडून. दोन्ही काचा मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या घेतल्या, कारण सारख्या जाडीच्या काचा एकाच पट्टीतल्या आवाजाला फितूर होतात. दाराला रबरी पट्ट्या आल्या. बाकी फटी सीलंटने बुजवल्या, त्यातच माझा एक शर्ट गेला.

आणि एका रात्री सव्वादोन वाजले, पण कुत्रा आला नाही.

मी टक्क जागा. या शांततेत भिंतीवरचं घड्याळ हातोडा मारत होतं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, ती थेट माझ्या कवटीत सरकली. हा आवाज हवेतून येतच नाही, घराच्या हाडांतून येतो, त्याला रबरी पट्टी काय करणार? दूर कुठेतरी ट्रकचा घुमणारा खर्ज होता. खर्जाच्या लाटा मीटर-मीटर लांबीच्या, त्या माझ्या काचांना भीक घालत नाहीत. इतकी वर्षं हे सगळे आवाज कुत्र्याच्या आडोशाला सुखाने राहत होते. मीच त्यांचा आडोसा काढून घेतला.

थॉमस कार्लाइल या ब्रिटिश लेखकाचंही असंच झालं होतं. शेजारच्या कोंबड्यांना वैतागून त्याने 1853 मध्ये लंडनच्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची खोली बांधायला काढली. झाली तेव्हा जवळचे आवाज कमी झाले आणि लांबचे ऐकू यायला लागले. हा किस्सा मी मोठ्या आशेने बायकोला सांगितला. "मग तुम्ही वाचलं होतंत, तरी केलंत?" एवढंच ती म्हणाली.

घड्याळ मी बाहेर नेलं. पण तासाभरात जीव गुदमरायला लागला. आवाज जिथून येत होता, हवाही तिथूनच येत होती. शेवटी दोन्ही खिडक्या बोटभर उघडल्या. म्हणजे, हिशेबाने, एक टक्का.

सकाळी मोटारसायकलवाले दारात उभे. डोळे लाल.

"तुमच्या सुताराचा नंबर द्या हो," ते म्हणाले. "महिनाभर तुमच्याकडे ठोकाठोक चाललीय, पहाटे उठणाऱ्या माणसाने झोपायचं कधी?"