राखणीचा कोंबडा आणि हॉब्ज

"राज्यशास्त्र शिकान काय व्हतलंस गो?"

हा प्रश्न मला एसटीच्या थांब्यावर विचारला गेलाय, तिकटीवर विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत तर नेहमीच, आणि एकदा मयताच्या घरीसुद्धा. माझी चुलतबहीण नर्सिंगला आहे. तिला कोणी काही विचारत नाही, थेट बाही वर सारून दंड पुढे करतात. मावसभाऊ गोव्यात हॉटेल मॅनेजमेंट करतो, त्याला लोक जेवणाला नावं ठेवायला बोलावतात. माझ्यापुढे मात्र येतो तो सात-बारा. नाहीतर रेशनकार्ड. राज्यशास्त्र म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचं काहीतरी, अशी आमच्या देवगडकडच्या वाडीची ठाम समजूत आहे.

विषय मी घेतला तो सोपा वाटला म्हणून. प्रयोगशाळा नाही, गणित नाही, बातम्या तर घरात सकाळ-संध्याकाळ चालूच असतात. तिसऱ्या वर्षाला आल्यावर कळलं की बातम्यांतलं एक अक्षर परीक्षेत येत नाही. परीक्षेत येतो हॉब्ज.

मला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही आणि वाचायला जागा एकच, पडवी. पडवीत आजी सुपारी कातरत बसलेली असते. त्यामुळे गेली तीन वर्षं राज्यशास्त्राची पदवी आम्ही दोघी मिळून करतोय.

"थॉमस हॉब्ज, इंग्रज तत्त्वज्ञ, जन्म 1588. स्पेनचं आरमार चालून येतंय या धास्तीने त्याच्या आईला वेळेआधी कळा आल्या, असं तो स्वतःच सांगायचा."

"लढाईची गलबतां येतत म्हटल्यार कळा येतल्योच," आजी म्हणाली. विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. दर्यावरून कोण कधी येईल ही काळजी तिला इंग्लंडवरून शिकायची गरज नव्हती.

मग मी सामाजिक कराराकडे वळले. राज्य नसतं तेव्हा माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, म्हणून सगळे मिळून एकाच्या हाती सत्ता देतात. त्याने सगळ्यांना राखायचं, सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. 1651 साली त्याने हे पुस्तकात मांडलं.

"म्हणजे राखणदार," आजी म्हणाली. "कोंबो किती वर्सान देयत?"

"कोंबडा नाही गं, कर."

"कर म्हणजे कोंबोच नव्हे!"

आता यात खोडून काढण्यासारखं काही आहे का? आमच्या बागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, दर वर्षी कोंबडा जातो, त्याने चोर, जनावर आणि बाहेरचं काही बागेत शिरू द्यायचं नाही. मी आणखी पुढे गेले. म्हटलं, आजी, राखणदाराने नीट राखलं नाही तर? ती म्हणाली, तर फुडच्या वर्सा कोंबो बारीक. हे मात्र हॉब्जच्या नियमात बसत नाही. त्याच्या मते सत्ता एकदा दिली की दिली. कामात कसूर झाली तर संमती मागे घेता येते, हे म्हणणं जॉन लॉक या दुसऱ्या तत्त्वज्ञाचं, आणि तो पुढच्या प्रकरणात होता. आजी प्रकरण ओलांडून गेली होती.

मला ते इतकं पटलं की चाचणी परीक्षेत पंधरा मार्कांच्या प्रश्नाला मी हॉब्जपासून लॉकपर्यंत अख्खा कोंबडा लिहून आले. पेपर हातात आला तेव्हा समासात लाल शाईने एकच शब्द होता, "संदर्भ?" आणि खाली चार मार्क. सरांबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच सांगते की सरांच्या बागेची राखण दर वर्षी वेळच्या वेळी दिली जाते, आणि ती मला माहीत आहे कारण कोंबडा आमच्याकडून जातो.

हॉब्जने मार्क खाल्ले, पण घरात भांडण लावलं ते 44 व्या घटनादुरुस्तीने. आमच्या बागेच्या सात-बारावर चौतीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारली, चार मुंबईला आहेत, आणि एक नाव कोणाचं ते कोणालाच माहीत नाही, पण काढायला सगळ्यांचाच विरोध. बांधावर एक फणस आहे. मूळ आमच्या हद्दीत, फांद्या बापूकाकांच्या, आणि फणस लागतात नेमके मधोमध. अशा घरात भर जेवणाच्या वेळी मी बोलून गेले की मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क राहिलेला नाही.

बापूकाकांचा हात सोलकढीच्या वाटीवर थांबला. "कधीपासून?"

"1978 ची घटनादुरुस्ती. आता तो 300-अ कलमाखाली साधा कायदेशीर हक्क आहे. म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कोणी जमीन काढून घेऊ शकत नाही, पण..."

हे 'पण' कोणी ऐकलं नाही. काकांनी विचारलं, तेव्हा सरकार कोणाचं होतं? मी म्हटलं, जनता पक्षाचं. काका गप्प झाले. कारण त्या सरकारात रेल्वेमंत्री होते मधु दंडवते, आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे, इथून पाच वेळा निवडून गेलेले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्यामुळे, हे काका प्रत्येक प्रवासात शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात. ज्या सरकारने बुडाखाली गादी दिली त्यानेच बुडाखालची जमीन काढली, हे त्यांना सहन होईना. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते विचारायला, की मग फणसावर बाबांचाही हक्क उरला नसेल ना?

सहाव्या सत्राची परीक्षा एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये परीक्षा ठेवणाऱ्याने आयुष्यात कधी हापूसची बाग पाहिलेली नसणार. बाबा आणि गडी आंबे उतरवायची घळ घेऊन झाडावर, आई आंब्यांची निवड करायला, आणि पेट्या भरायला मी. पेंढा घालायचा, आंबे मोजून लावायचे, वर पुन्हा पेंढा. हात मोकळे नाहीत पण तोंड मोकळं आहे, म्हणून मी भरता भरता पाठ करत होते. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993 पासून लागू, पंचायतराजला घटनात्मक दर्जा, अकरावी अनुसूची, 29 विषय. पेट्या सहा डझनी होत्या. सहा डझन म्हणजे बाहत्तर. मी दर पेटीत त्र्याहत्तरवर थांबत होते.

अकरा पेट्या वाशीला गेल्यावर आईच्या लक्षात आलं. बाबांनी शांतपणे हिशेब केला आणि म्हणाले, "तुझी घटनादुरुस्ती आपल्याला अकरा आंब्यांना पडली." नशीब, चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीपर्यंत मी पोचले नव्हते. ती शहरांची आहे, आणि मुंबईकरांना फुकट दोन-दोन आंबे गेलेले बाबांना अजिबात सोसले नसते.

याच धामधुमीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली. आमची ग्रामपंचायत महिला राखीव. संध्याकाळी पडवीत माणसं जमली. इतकी माणसं एका वेळी मी ग्रामसभेलाही पाहिलेली नाहीत. तिथे शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढीही भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून ती चौघांत उरकते. आज मात्र बापूकाका पुढे, मागे अख्खी वाडी. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, जसे आजपर्यंत फक्त फणसाकडे बघायचे.

"शिकलेला चेडू घरात असताना दुसरीकडे कित्याक जावचा?" काका म्हणाले. ज्यांनी मला तीन वर्षं 'काय व्हतलंस' विचारलं, त्यांना सगळ्यांना एका संध्याकाळी उत्तर सापडलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. मग आठवलं.

"उमेदवाराचं वय एकवीस पूर्ण लागतं. मला विसावं चालू आहे."

पदवीचा इतका रोकडा उपयोग मला त्याआधी कधी झाला नव्हता. पडवीत शांतता पसरली. त्या शांततेत फक्त अडकित्त्याचा आवाज येत होता.

"मगे मी रवतंय उबी," आजी म्हणाली.

काका हसले, मग हसायचे थांबले, कारण ती हसत नव्हती. "काकी, तुका सात पोरां. दोनच्या वर असली तर चलत नाय."

"12 सप्टेंबर 2001 नंतर झालेली मोजतात," मी म्हटलं. "हिची सगळी त्याच्या कितीतरी आधीची."

"चौथीत शाळा सोडलीहा तिना."

"सातवी पासची अट 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना."

"संडास?"

"परसात आहे. फक्त घरपट्टी थकलेली चालत नाही."

यावर बाबांनी बापूकाकांकडे बघितलं. घरपट्टी भरायची पाळी या वर्षी काकांची होती. काकांनी वर कौलांकडे बघितलं.

चार प्रश्न, चारही उत्तरं बरोबर, कोणी समासात 'संदर्भ?' लिहिलं नाही. माणसं हळूहळू उठून गेली, काका सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन येतो म्हणाले. मी पुस्तक उघडलं, दुसऱ्या दिवशी पेपर होता. आजीने सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बराच वेळ विचार करून विचारलं,

"गो, तुझ्या त्या हापूसवाल्याच्या पुस्तकात बघ मगे. मी निवडून इलंय, तर कोंबो मी देवचो, काय माका मेळतलो?"