७७ वरून ९५: मोजपट्टीच बदलली होती
महाराष्ट्राचा दहावीचा निकाल २०१९च्या ७७.१० टक्क्यांवरून २०२०मध्ये ९५.३० वर गेला, म्हणजे राज्यात शिक्षणाचा दर्जा सुधारला, असं एका लेखात म्हटलंय. अजिबात पटलं नाही. २०१९ला भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेनेच द्यायचे, २० गुण बंद केले होते, पुढच्याच वर्षी ते परत आले. शिवाय २०२०ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकी विषयांच्या सरासरीवरून गुण दिले. मोजपट्टीच बदलली की हो! आणि २०१८चा ८९.४१ टक्के निकाल लेखात का नाही? तो धरला की ही झेप निम्म्याहून कमी उरते. २०१९च्या पोरांना तेव्हा लोकांनी उगाच नावं ठेवली, त्याचं अजून वाईट वाटतं.